अप्पांच्या माडीवरचं नेट

आमच्या वाडीत चार माणसं बसली की अप्पांच्या लॅपटॉपचा किस्सा निघतोच. एकाचा संपत नाही तोवर दुसऱ्याला दुसरा आठवतो. सुरुवात हसण्यानं होते, शेवट मात्र तसा होत नाही.

मी रत्नागिरीत एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर. वाडी मालगुंडच्या अलीकडे, डोंगराच्या आडोशाला. वादळात टेलिफोनच्या तारा पडल्या त्या पडल्याच. मोबाइलची रेंज फक्त अप्पांच्या माडीच्या खिडकीत! अप्पा म्हणजे रिटायर्ड मास्तर, एकटेच राहतात. पुण्याच्या मुलानं त्यांना जुना लॅपटॉप आणि डोंगल दिलेला. तो खिडकीत ठेवला की नेट यायचं, पण तेवढ्या खोलीपुरतं.

एक दिवस अप्पा म्हणाले, "बाय, ह्यातलं नेट खाली सोडता येईल काय गो? पाटाचं पाणी सोडतात तसं?"

येतं की! लॅपटॉपमध्ये शेअरिंग चालू केलं, केबल खिडकीतून खाली घेतली आणि पडवीत राउटर लावला. संध्याकाळी अख्खी वाडी मोबाइल घेऊन पायऱ्यांवर हजर! अप्पा दारात उभे राहून बघत होते.

"एवढी माणसं मालतीच्या बाराव्याला नव्हती गो!"

मालती म्हणजे अप्पांची बायको, आमच्या काकू. त्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

*

राउटरला नाव द्यायचं होतं. अप्पा म्हणाले, "मालती दे." दिलं.

मग एकदा ऐन संध्याकाळी डोंगलची रेंज गेली आणि पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "अप्पा, मालती गेली!"

अप्पा जिन्यात होते. कठडा धरून थांबले. आम्ही सगळ्यांनी जीभ चावली.

मग त्यांचा आवाज आला, "ठाऊक आहे मला. मी जवळच होतो."

त्या दिवशी नेट परत आलं, तरी कोणी मोबाइल काढला नाही.

*

सुलभावहिनींचा नवरा जहाजावर. बंदर लागलं की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा, तोही घाईचा. एकदा तो काहीतरी सांगत होता आणि मध्येच चित्र थिजलं. तोंड उघडं ते उघडंच!

वहिनी धावत जिना चढल्या. "अप्पा, झाकण!"

अप्पांनी शिस्तीत लॅपटॉप मिटून वर पंचा घातला होता. "धूळ बसते हो!" तो उघडेपर्यंत जहाज रेंजबाहेर गेलं. वहिनी तिथंच जमिनीवर बसल्या. काय सांगत होता ते पुढच्या बंदरापर्यंत कळलं नाही.

मी सेटिंग बदललं. "अप्पा, आता झाकण मिटलं तरी नेट चालू राहील."

"म्हणजे वरून मिटलेलं नि आत सगळं चालू?" अप्पा म्हणाले. "मग माझ्यासारखंच झालं ते!"

*

दत्तारामचा थोरला भाऊ आखातात नोकरीला होता. तिकडेच हार्ट अटॅकनं गेला. इकडे आणणं जमेना, म्हणून मित्रांनी तिथंच अंत्यविधी उरकायचं ठरवलं. व्हिडिओवर दाखवणार होते. दत्तारामनं आईला आणून अप्पांच्या पडवीत बसवलं. वाडी मागे उभी.

मित्रानं फोन फिरवला, फुलं दिसली, आणि नेट गेलं.

मी वर पळाले. निळा स्क्रीन! अपडेट चालू आहे, लॅपटॉप बंद करू नका, थांबा. मी खिडकीतून खाली तसं ओरडून सांगितलं. म्हातारीला ऐकू कमी येतं. तिनं दत्तारामला विचारलं, "काय म्हणतंय रे ते?"

"थांबा म्हणतंय, आये."

"आता कशाला थांबायचं?" म्हातारी म्हणाली. "सांगायचं होतं तर त्याला सांगायचं!"

लॅपटॉप सुरू झाला, मी शेअरिंग परत लावलं, तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं.

*

मग डोंगरावर टॉवर आला. ज्याच्या त्याच्या घरात रेंज! पहिले काही दिवस लोक सवयीनं अप्पांकडे डोकावले, मग तेही थांबले. पडवीत फक्त अप्पा बसलेले दिसायचे.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "तो लॅपटॉप उगाच दिवसभर तापत असतो. बंद करून टाक ना!"

एका रविवारी सकाळी मी गेले. "अप्पा, केबल काढते हां. आता कोणी वापरत नाही."

"बघ तरी आधी," अप्पा म्हणाले. "कोणाचं काम मध्येच तुटायला नको."

कोणकोण जोडलेलं आहे ते दाखवणारं राउटरचं पान मी लॅपटॉपवर उघडलं. अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि चष्मा लावला.

"आहे काय गो कोणी?"

"एकच मोबाइल दिसतोय, अप्पा. तुमचाच."

अप्पांनी वाकून ती ओळ वाचली. मग त्यांनी केबलवरचा माझा हात अलगद बाजूला केला.

"मग नको काढू. एक माणूस आहे ना अजून!"