लोणी वितळतं तिथली खूण

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. डब्याच्या तळाशी मूठभर साबुदाणा उरतो तसे ते आपोआप उरतात. हे रिटायर झाल्यापासून आमच्या सावेडीच्या घरात असे बरेच उरलेत, आणि सगळे थर्मामीटरचे!

हे नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये काचेच्या नळ्या फुंकायचे. आमची एकुलती एक मंजिरी नोकरीसाठी लांबच्या थंड देशात गेली आणि माझं रोजचं एकच सुरू झालं, तिथं आज थंडी किती असेल? शेवटी यांनी ठरवलं, अगदी पहिल्यावहिल्यापासूनचे थर्मामीटर घरीच करून बघायचे. जोडीला तिसगावचे बापू, शाळेच्या लॅबमधून रिटायर झालेले. मी माझ्या श्रावणी सोमवारांत होते. मंजिरी गौरींना घरी यावी, एवढंच मागणं.

*

पहिला अगदी साधा. अंड्याएवढा काचेचा फुगा, त्याला लांब बारीक नळी. फुगा जरा गरम करून नळीचं तोंड रंगीत पाण्यात उलटं बुडवायचं. आतली हवा गार झाली की पाणी नळीत चढतं. चारेकशे वर्षांपूर्वी इटलीत असाच होता म्हणे.

त्याला जागा मिळाली देवघराशेजारी. सोमवारी समई, निरांजन लावून मी पोथी वाचत बसले, तर पाणी सरसर खाली! मला वाटलं, मंजिरीकडची थंडी इकडे आली की काय.

बापू म्हणाले, "वैनी, ह्यो उलट्या डोक्याचा हाय. तापला की खाली उतरतो."

आतली हवा फुगून पाण्याला ढकलते, एवढंच होतं ते.

*

एकदा घरात काहीच बदललं नव्हतं, पंखासुद्धा तसाच, तरी पाणी उतरलं. माझ्या मनात नको ते आलं. मी लगेच मंजिरीला मेसेज केला, बरी आहेस ना?

यांनी समजावलं, नळीचं तोंड उघडं आहे, बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरी पाणी हलतं. म्हणूनच पुढच्या लोकांनी नळीत स्पिरिट भरून तोंड बंद केलं. हे सगळं मला पटेपर्यंत मंजिरीचं उत्तर आलं होतं, "बरी आहे. झोपले होते, आई."

*

खुणा कुठं करायच्या यावर तर दोघांचं वाजलंच. सुरुवातीला जो तो आपापल्या खुणा करायचा, एकाची डिग्री दुसऱ्याला कळायची नाही. मग कोणीतरी सुचवलं म्हणे, लोणी वितळतं तिथं एक खूण धरा.

हे ऐकून मला फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या शास्त्रात आपल्या स्वयंपाकघरातलं काहीतरी होतं! मी फ्रीजमधून लोण्याचा गोळा काढून आणला. बापूंनी तो निरखून पाहिला.

"पर कुनाचं लोणी धरायचं? आमच्या म्हशीचं लई येळ दम धरतं."

खूण राहिली ती राहिलीच. मी त्या लोण्याचं तूप कढवून बरणी भरून ठेवली. मंजिरीला घरचंच तूप लागतं.

*

ज्यांच्या नावाची डिग्री आपण बातम्यांत ऐकतो, त्यांनी म्हणे आधी सगळं उलटंच मांडलं होतं. पाणी उकळतं तिथं शून्य आणि बर्फ होतो तिथं शंभर. पुढं लोकांनी ते फिरवलं.

मी म्हटलं, कशाला फिरवलं? बर्फात राहणाऱ्या पोरीला शंभर मिळाले असते.

हे हसले नाहीत. चष्मा पुसत बसले.

*

गौरी जेवणाच्या दिवशी मंजिरीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सुट्टी मिळाली नव्हती. दिवस उजाडला तरी ती दारात नव्हती, तेव्हाच ते आम्हाला कळलं होतं, पण तिला ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं आणि जमत नव्हतं. मी गौरींचे मुखवटे दाखवले, नैवेद्याचं ताट दाखवलं. मग ती म्हणाली, बाबांनी केलेली नळी दाखव.

यांनी मोबाईल नळीसमोर धरला. पाणी जागच्या जागी. नुसतं काय दाखवायचं, म्हणून मी वरचा काचेचा फुगा दोन्ही तळव्यांत धरला. पाणी हळूहळू उतरायला लागलं. मंजिरी स्क्रीनच्या अगदी जवळ आली. बापू प्रसादाला आलेले, तेही पुढं वाकून बघायला लागले.

पाणी पार खाली आलं. माझे हात भरून आले होते, मी सोडणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"आई, अजून थोडा वेळ धर."