लाल अक्षरांची कार्डं

मी त्याला ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. समोरासमोरच्या दारांत आम्ही दोनेक वर्षं राहिलो, पण त्याला भावंडं किती, लहानपण कुठे गेलं, तो रागावला की काय करायचा, यातलं मला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. गेल्या वर्षी तो गेला, हेही मला बऱ्याच दिवसांनी कळलं. ज्याच्यावर कुणी लिहावं असा तो नव्हता आणि ज्याने लिहावं असा मी नव्हे. निवृत्त होईपर्यंत औषधांच्या गोदामात खोक्यांवर पत्ते घातले, त्यापलीकडे माझ्या हातून लेखन झालेलं नाही. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. ती आणखी माहीत आहे ती माझ्या बायकोला, आणि तिला लिहायचा कंटाळा.

इमारतीत त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. दुकान काही त्याचं नव्हतं. मालक पुढे बसून गिऱ्हाइकांचा नंबर काढायचा आणि हा मागच्या अरुंद खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. मी एकदा तिथे गेलो होतो. खिडकीखाली एक छोटं चाक फिरत होतं, त्यावर पाण्याची बारीक धार. तो काच चाकाला लावायचा, उजेडात धरायचा, पुन्हा लावायचा. बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. मालक जेवायला गेला होता, म्हणून त्यानेच मला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरची ओळ वाचायला सांगितली. मी वाचत होतो तोवर तो तक्त्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, धंद्यातली काही रीत असेल.

त्याची बायको इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती, दिवसभराच्या पाळीला. मुलगी पाच महिन्यांची असताना ते राहायला आले आणि आठवडाभरात ती मुलगी आमच्याकडे राहू लागली, सकाळपासून तिची आई परत येईपर्यंत. हे माझ्या बायकोनेच सुचवलं. म्हणाली, दिवसभर मी भिंतीशी बोलते, त्यापेक्षा हिच्याशी बोलेन. (माझ्याशी बोलण्याचा पर्याय तिने धरलाच नव्हता.) तिनेच मुलीचं नाव ठमी पाडलं. खरं नाव दुसरं होतं, पण ते पुढे तिच्या आईबापांच्याही तोंडातून गेलं.

एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. हातात जाड पुठ्ठ्याचा गठ्ठा. तोही भिडस्त आणि मीही, त्यामुळे बराच वेळ आम्ही दोघे त्या गठ्ठ्याकडेच बघत होतो.

"काका, एक विचारू का? नाही म्हणालात तरी चालेल."

चष्म्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्याने कार्डं केली होती. प्रत्येकावर तळहाताएवढ्या लाल अक्षरांत एकेक शब्द. छापील पुस्तकातून बघून, पट्टी लावून काढलेला. त्याने कुठल्याशा भाषणात ऐकलं होतं, की मूल बोलायच्या आधी वाचू शकतं. गणितसुद्धा करू शकतं, त्यासाठी वेगळा गठ्ठा होता. त्यावर नुसते लाल ठिपके, एका कार्डावर चार, एकावर तीस, एकावर साठाच्या घरात. ते मोजायचे नाहीत. कार्ड क्षणभर दाखवायचं, आकडा म्हणायचा, पुढचं घ्यायचं. मूल नजरेत पकडतं म्हणे. सकाळ-संध्याकाळ तो दाखवणार होता, दुपारचं कुणीतरी बघायला हवं होतं.

बायकोने ठिपक्यांचं एक कार्ड उचलून खालीवर केलं आणि विचारलं, "याला गोवर निघालाय का रे?"

तो हसला, पण त्याने कार्ड तिच्या हातातून काढून घेऊन गठ्ठ्यात नीट परत ठेवलं.

नियम पुष्कळ होते. आनंदी चेहऱ्याने दाखवायचं. कंटाळा यायच्या आत थांबायचं. आणि परीक्षा घ्यायची नाही, हे काय ते काय असं विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मला फार आवडला. शाळेत कुणी मला हे सांगितलं असतं तर मीही शिकलो असतो. आनंदी चेहऱ्याचं मात्र मला आरशासमोर जमवावं लागलं.

तेव्हापासून दुपारी ठमी उशीला टेकून बसायची आणि मी तिला घर, दूध, मांजर, झाड दाखवायचो. मग ठिपके. आकडा कार्डाच्या मागे लिहिलेला असायचा आणि माझी एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये दर वेळी गल्लत व्हायची. ठमी अंगठा चोखत दोन्ही तितक्याच समाधानाने ऐकून घ्यायची. कधी कार्ड हातात आलं की त्याचा कोपरा चघळायची. एक मांजर तर तिने निम्मं खाल्लं. त्याने त्याच संध्याकाळी नवं करून आणलं.

असं कितीतरी महिने चाललं. ती रांगली, उभी राहिली. बापाने तिच्यासाठी शरीराच्या अवयवांचा वेगळा संच केला होता. तो मात्र त्याचा स्वतःचा. सकाळी आंघोळीच्या वेळी आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर तो कार्ड दाखवून शब्द म्हणायचा आणि तिच्या त्या त्या अवयवाला बोट लावायचा. एका आठवड्यात दुकानात काम वाढलं, त्याला यायला उशीर होऊ लागला, म्हणून तो संच त्याने दुपारसाठी माझ्याकडे दिला.

पहिलंच कार्ड मी धरलं ते कान. मी तोंड उघडायच्या आत ठमीने स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. पुढे हात, पाय, पोट, सगळं बरोबर. मग नाक आलं, तर तिने दोन्ही मुठींत स्वतःचे कान धरले.

"उलटं करतेय गुलाम," बायको आतून डोकावून म्हणाली.

मला तर नवल वाटलं. एवढंसं पोर पुठ्ठ्यावरची अक्षरं बघून काहीही दाखवतं, हेच माझ्यासारख्याला पुष्कळ होतं. संध्याकाळी तो मुलीला बघायला दारात आला तेव्हा मी गमतीने सांगितलं, की तुमची लेक वाचायला लागली, आता फक्त नाक कुठलं आणि कान कुठला एवढं ठरायचंय.

तो बूट काढत होता. एक निघाला होता, दुसरा पायातच राहिला.

"दोन्ही उलटं दाखवते?"

"दोन्ही."

"पुन्हा पुन्हा?"

मी हो म्हणालो. त्याने संच मागून घेतला आणि एक बूट हातात घेऊन समोरच्या दाराने आत गेला. त्यानंतर कार्डं बंद झाली. बायको म्हणाली, बरं झालं, पोरीला आता निवांत दूध तरी पिऊ दे. पण त्याचा चेहरा उतरलेला होता. जिन्यात भेटला तर मान हलवून पुढे जायचा.

एका सुट्टीच्या दुपारी माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती घट्ट करायला तो आला. हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर, मान खाली. तसाच खाली बघत त्याने सांगितलं. आयुष्यात तो माझ्याशी सलग बोलला तेवढाच.

लहानपणी फळ्यावरची अक्षरं त्याच्यासाठी जागा बदलायची. शिक्षकांना वाटलं डोळे अधू आहेत, म्हणून बाप त्याला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. डोळे चोख निघाले. "तेव्हाच घात झाला, काका. डोळे खराब निघाले असते तर चष्मा लागला असता आणि प्रश्न मिटला असता. चोख निघाले म्हटल्यावर घरी येऊन मार बसला." शाळा अर्ध्यावर सुटली. त्याच दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने त्याला हाताशी घेतलं. काचेवर काही लिहिलेलं नसतं, म्हणून ते काम त्याला आवडलं.

"तिला तेच आलंय," तो म्हणाला. "माझ्याकडून."

म्हणून एवढी घाई होती तर. बोलायच्या आधी अक्षरं डोळ्यांत बसली की पुढे ती हलत नाहीत, अशी त्याने मनाशी समजूत करून घेतली होती. तो ठमीला मुलांच्या डॉक्टरकडेही घेऊन गेला होता. डॉक्टर हसले, म्हणाले एवढ्या लहान मुलाचं काही सांगता येत नाही, शाळेत जाऊ द्या, सहा-सात वर्षांची झाली की आणा.

"तोपर्यंत मी काय करू?"

चहा घेणार का, असं मी विचारलं.

बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आण ती कार्डं. माझ्यासमोर दाखव बघू तिला, नेहमी दाखवतोस तशी."

त्याने आढेवेढे घेतले, पण आणली. ठमीला मांडीसमोर बसवलं आणि कार्ड हातात धरताच तो बदलला. आवाज मोकळा झाला, चेहरा उजळला. मी आरशासमोर शिकलो होतो ते त्याला शिकावं लागलंच नसावं. हात, पाय, पोट झालं. मग त्याने कान हे कार्ड उंच धरलं, लाडाने "नाक" म्हणाला आणि तिच्या नाकाला बोट लावलं. तिनेही लावलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"अरे, पुन्हा बघ," ती हळूच म्हणाली. "ते कान आहे."

त्याने कार्ड स्वतःकडे वळवलं. अक्षरांखाली नख ठेवलं, ओठ हलले. ठमी कार्ड ओढायला लागली तरी त्याने सोडलं नाही. मग नाकाचं कार्ड शोधलं, दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवली आणि एकावरून दुसऱ्यावर नख फिरवत राहिला.

"वाक्यात असलं की मला कळतं, काकू. नाक शिंकर असं लिहिलं असेल तर ते कान कसं असेल? पण एकटं असलं की..." तो थांबला आणि मग एकदम हसायलाच लागला. "म्हणजे ती चुकली नव्हती. मी शिकवलं तेच तिने केलं. काकू, तिने अक्षरं ओळखली."

त्याने तिला उचललं, हवेत धरलं, तिच्या पोटाला नाक घासलं. आम्हीही हसलो. बायकोने पदराने डोळे टिपले. मला त्या दिवशी क्षणभर वाटलं, की संकट टळलं.

मग तो पुन्हा खाली बसला.

"आता शिकवायचं कुणी?"

"आम्ही आहोत की," बायको म्हणाली.

"तुम्ही आहात," तो म्हणाला. मग कार्डं गोळा करत म्हणाला, "आणि तरी तिला माझं आलं असेलच, तर?"

ते तर डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं.

पुढे तो संच बायको दाखवू लागली. नाक आणि कान सरळ व्हायला थोडे दिवस गेले. ठमी गोंधळायची, एक बोट नाकावर आणि एक कानावर ठेवून दोन्हीकडून सुटका करून घ्यायची. संध्याकाळी तो भिंतीला टेकून, हात गुडघ्यांत धरून बघत बसायचा. तिने कुठेतरी बोट ठेवलं की तो कार्डाकडे बघायचा नाही, बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचा. तिथे बरोबर असं दिसलं की मगच हसायचा. शब्द त्याच्या ओठांपर्यंत यायचा आणि तो गिळून टाकायचा. तिच्या आईला हे सगळं ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही. ती संध्याकाळी इतकी दमलेली असायची, की बसल्या जागी तिचे डोळे मिटायचे.

एकदा तो ठिपक्यांचा गठ्ठा घेऊन आला.

"काका, हे तरी मी दाखवू का? ठिपके हलत नाहीत. मागचा आकडा तेवढा तुम्ही म्हणा."

एकवीस आणि बारा त्याला तसेच छळत असणार. मग आमचं ते सुरू झालं. तो ठमीसमोर कार्डं धरून बसायचा, मी त्याच्या पाठीमागे स्टुलावर, त्याच्या खांद्यावरून वाकून आकडे वाचत. माझं एकोणसाठ-एकोणसत्तर तिथेही चुकायचंच, पण तो कधी काही बोलला नाही. ठमी एव्हाना धावू लागली होती. दोनचार ठिपके झाले की ती उठून पळून जायची आणि आम्ही दोघे पुढचं कार्ड रिकाम्या जागेसमोर धरून बसायचो. तो हाक मारायचा नाही. कंटाळा यायच्या आत थांबायचं, हा नियम त्याचाच होता, आणि आता तिला कंटाळा आधीच यायचा.

ती अडीच वर्षांची झाली तेव्हा तिच्या आईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात जागा मिळाली आणि ते गेले. तिथेही त्याला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. फोन अधूनमधून व्हायचे, बहुतेक बायकोशीच. तो आणि मी फोनवर तर आणखीच निकामी.

शेवटचा फोन त्याने केला तेव्हा बायको घरात नव्हती, म्हणून मी घेतला. ठमीला शाळेत घालून काही महिने झाले होते. ती वाचते का, असं मी विचारलं.

"वाचते की. भराभरा वाचते. पुस्तक घेऊन माझ्यासमोरच बसते."

"मग झालं तर."

"बरोबर वाचते का, ते मला कळत नाही, काका. मी हो हो म्हणतो."

"आई काय म्हणते तिची?"

"बरोबर आहे म्हणते. पण मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल, तर?"

मी म्हणालो, तिच्याकडे फोन द्या, मला वाचून दाखवू दे. ती खाली खेळायला गेली होती.

"रविवारी करतो," तो म्हणाला. "तेव्हा ऐका तुम्ही."

"चालेल."

"जेवणं झाली?"

"आत्ताच. तुमची?"

"बसतोय आता."

"बसा मग."

"हो. ठेवतो, काका."