एका घोड्यावरून दुसऱ्यावर

जुन्या शब्दकोशाच्या पिवळ्या कागदांचा वास आला की साठच्या दशकातली, मल्लेश्वरममधल्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. मला पाहायला मंडळी आली होती. उप्पीट खाऊन झाल्यावर मुलाच्या काकांनी विचारलं, "काय वाचतेस?" मी खरं ते सांगितलं, "चार-पाच पुस्तकं एकदम. पुरं क्वचितच होतं." "म्हणजे डेसल्टरी! धरसोडीचं वाचन. संसारही असाच अर्ध्यावर सोडशील," काका म्हणाले. आईचा चेहरा उतरला. हे स्थळ तिला फार हवं होतं. तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "काका, शब्दकोशात दिलंय, तो शब्द रोमन सर्कशीतल्या स्वारांवरून आलाय. ते धावत्या घोड्यावरून दुसऱ्या घोड्यावर उडी मारायचे, आणि पडायचे नाहीत." मग माझ्याकडे बघून, "मीही असंच वाचतो." दाराआडून माझी अक्का तिच्या कानडी वळणाच्या मराठीत बोललीच, "सरी, बरं! मग घरात घोडे स्वल्प जास्त लागतील." काकासुद्धा हसले, आणि लग्न ठरलं. गेल्या महिन्यात माझे यजमान गेले. त्यांच्या उशाशी तीन पुस्तकं होती, प्रत्येकात खुणेला बसचं तिकीट. त्या खुणांपासून मी पुढे वाचते आहे, थोडं यातलं, थोडं त्यातलं. तिकिटं मात्र होती तिथेच राहू दिली आहेत.