शेठचा कल, संध्याचा काल

सकाळी आठ एकोणपन्नासला संध्या चौथ्या खिळ्यावर चिठ्ठी टांगत होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या त्या जीन्स कारखान्यात भिंतीवर सहा खिळे आहेत, ते तिनेच ठोकले. पहिला नऊ ते साडेदहाचा, शेवटचा साडेपाचपर्यंतचा. ज्या वेळेचं काम, त्या खिळ्यावर त्याची चिठ्ठी. एका खिळ्यावर मावेल तेवढंच काम धरायचं, हा तिचा नियम. खिळे येण्याआधी धागे कापणाऱ्या, बटणं लावणाऱ्या आठही बायका जो शेवटी ओरडेल त्याचं काम आधी करत.

संध्या अंबरनाथची, वय त्रेचाळीस. एकोणीस वर्षं तिने याच कारखान्यात धागा कटिंग केलं. दोन वर्षांपूर्वी चष्मा लागला, आणि बारीक धागा कापताना डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. महिन्याभरापूर्वी कारखान्याचे मालक परसरामशेठनी तिला फिनिशिंगची इनचार्ज केलं, तेही महिनाभर बघू म्हणून. तो महिना आज संपत होता. कामं वेळेवर निघाली नाहीत, तर उद्यापासून पुन्हा कात्री.

शेठ रोज सकाळी फोनवर बोलून निरोप पाठवत. आजचा निरोप होता, ‘तीनसौ कल का, दो सौ चालीस आज का. बीस सैंपल दो बजे.’ संध्याने लिहिलं, ‘३०० कालचे’. काल धुऊन आलेला माल उशिरा उतरला होता, म्हणजे तोच असणार, असं तिने धरलं. राहिलेलं काम आधी, म्हणून तीनशे पहिल्या तीन खिळ्यांवर गेले. दोनशे चाळीसचं बघू दुपारनंतर.

बाराला ट्रान्सपोर्टवाल्या कमलेशचा फोन आला.

“संध्याताई, दोनशे चाळीसची पावती आलीय. चारला गाडी लावतो.”

“तीनशेची ना?”

“तीनशे उद्याचे. शेठ काय बोलले तुम्हाला?”

संध्याने तो निरोप पुन्हा लावला. शेजारी बटणं लावणाऱ्या तुळशीनेही ऐकला. तुळशी बदलापूरजवळच्या गावातली, बोलायला तिखट.

“ताई, शेठचा कल म्हंजे उद्या. आपला काल म्हंजे काल. तू भलत्याच्या घरी पाणी भरलंस.”

बाकीच्या हसल्या. संध्या हसली नाही, रागावलीही नाही. तिने चिठ्ठीच्या मागे आकडे मांडले. नऊपासून सव्वादोनशे पीस झाले होते, म्हणजे तासाला पंचाहत्तर. दोनशे चाळीसला तीन तास बारा मिनिटं. चारपर्यंत जेवणाचा अर्धा तास सोडून साडेतीन तास. हातात उरत होती अठरा मिनिटं. सॅम्पलचे वीस पीस तीनदा तपासावे लागत, त्यांना चाळीस मिनिटं लागत.

जेवणाचा अर्धा तास कापावा, असं एकदा तिच्या मनात आलं. मागे एकदा कापला होता, तेव्हा दुपारी बटणं उलटी लागली होती. तिने तीनशेचे उरलेले पंचाहत्तर पीस बाजूला ठेवायला लावले आणि सॅम्पलची चिठ्ठी खिळ्यावरून काढून डब्याखाली दाबली. बायका दोनशे चाळीसला लागल्या. एकला सगळ्या जेवल्या, दीडला उठल्या.

एक पन्नासला परसरामशेठ आले.

“संध्याबाई, मेरा सैंपल?”

“आज नहीं होगा, शेठ.”

“पार्टी तीन बजे आ रही है. मैंने सुबह बोला था.”

“बोला था. तीनसौ कल का भी बोला था. मैंने काल लिख दिया. गलती मेरी है.” तिने लिहिलेली चिठ्ठी पुढे धरली. “अब गाड़ी और सैंपल, दोनों नहीं बैठते. एक आप बोलो.”

शेठनी चिठ्ठी दोनदा वाचली.

“उन्नीस साल में कल नहीं समझी?”

“उन्नीस साल समझी. आज नहीं समझी.”

तुळशीने मान खाली घालून बटण लावलं. शेठनी चिठ्ठीच्या मागचा हिशेब पाहिला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. माल घेणाऱ्या पार्टीशी ते सिंधीत बोलले, बराच वेळ. नडलेला माणूस बोलतो तसे, हसत हसत.

“परसों आएगा,” फोन ठेवून ते म्हणाले. “गाड़ी भरो.”

कमलेशची गाडी तीन बावन्नला दारात लागली. शेवटचा गठ्ठा चारला पाच मिनिटं कमी असताना बांधून झाला. दोनशे चाळीस पीस कमलेशने मोजून घेतले आणि सही केली.

शेठ साडेचारला निघाले. महिना संपल्याचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही काढला नाही. दाराशी थांबून एवढंच म्हणाले, “सैंपल का खिळा अलग ठोको. और चिठ्ठी पे तारीख डालना. कल-वल नहीं.”

“म्हंजे तुझी कात्री सुटली, ती आता माझ्याच नशिबात,” तुळशी म्हणाली.

“तुझ्या नशिबात बटणं आहेत. चल, आटप,” संध्या म्हणाली.

गाडी गेल्यावरचा वेळ आज धुऊन आलेला माल उतरवून मोजण्यात गेला. साडेपाचला संध्याने पुढच्या दिवसाच्या चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर तारखेचा आकडा घालून. उद्या नऊला पहिल्या खिळ्यावर तीनशेतले उरलेले पंचाहत्तर पीस असतील. ते काम दहाला संपेल, दहा ते दहा चाळीस सॅम्पल होईल, आणि तीनशेची गाडी चारला निघेल.