मुनाफचा तिसरा कंडेन्सर

मुनाफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. शिपायाने ऑफिसात बोलावलं. फोनवर "बरं" म्हणालो, परत वर्गात आलो आणि फळ्यावर अर्धा राहिलेला ट्रान्सफॉर्मर पूर्ण काढला. त्याला दीड महिना होत आला... अजून रडू आलेलं नाही. डोळ्यांना झालंय काय, कोण जाणे.

कामतघरला त्याचे कापड विणायचे चार लूम. शुक्रवारी लूम बंद, म्हणजे तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू येण्याचा आठवड्यातला एकच दिवस. ऐंशी सालानंतर आम्ही चार-पाच जण, घरी रेडिओ-बिडिओ जुळवणारे खुळे, त्याची नमाज झाली की कारखान्यात जमायचो. मध्ये एक वही. ज्याला जे सुचेल त्याने त्याचं सर्किट काढायचं, ज्याने बनवलं त्याने खाली 'चाललं' किंवा 'नाही चाललं' लिहून सही करायची. मुनाफचा नियम एकच, दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. ज्याची चूक त्यानेच लाल पेनने सुधारायची आणि सगळ्यांना वाचून दाखवायची. त्याच्या स्वतःच्या पानांवर लालच लाल. "माझ्या पानांना गोवर आलाय यार," म्हणायचा. माझ्या पानांवर एक ठिपका नाही. मी आयटीआयत शिकवणारा, सगळे मला सर म्हणायचे.

एकदा मी लूमवर धागा तुटला की घंटी वाजवणारं सर्किट काढून दिलं. मुनाफने तिथेच बसून जुळवलं, चालू केलं आणि कंडेन्सर फाटकन फुटला. दुसरा लावला, तोही फुटला.

"तुझा हात कच्चा रे," मी म्हणालो.

"असेल, सर," तो हसला.

त्या दिवसापासून मी त्याला 'फटाका' म्हणायला लागलो. घरी जाऊन चित्र आठवलं तेव्हा लक्षात आलं. कंडेन्सरचे प्लस-मायनस मीच उलटे काढले होते, तो फुटणारच! पुढच्या शुक्रवारी सांगू म्हटलं... मग त्याच्या पुढच्या. ते पान परत उघडलंच नाही. लाज वाटायची, दुसरं काय? फटाका म्हणणं मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गेलो, तो बुधवार होता. जेवणं उरकल्यावर लूम सुरू झाले. भाभी बाहेर ओसरीवर वही आणून देत होत्या, तेवढ्यात आतून घंटी वाजली.

"ही कसली घंटी?" मी विचारलं.

"तुमचीच ना, सर. इतकी वर्षं वाजतेय. तुम्ही शुक्रवारचे येणारे, तुम्हाला कशी ऐकू येणार?"

मी पान काढलं. माझं चित्र जसंच्या तसं. खाली त्याच्या अक्षरात दोनदा 'नाही चाललं', आणि लगेच पुढच्या शुक्रवारची तारीख घालून 'चाललं. मुनाफ.' तिसरा कंडेन्सर त्याने सुलटा लावला होता. त्याला आठ दिवसांत कळलं होतं.

"मी म्हणायचे, सरांना सांगून टाका," भाभी म्हणाल्या. "ते म्हणायचे, सरांचं पान आहे, सर करतील."

लाल पेन लूमच्या दोऱ्याने वहीला बांधलेलं होतं. प्लस-मायनस बदलले. आत लूमपाशी उभा राहून मोठ्याने वाचलं, "चूक माझी. मुनाफचा हात कच्चा नव्हता."

लूमच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. वही तिथेच ठेवून आलोय. शुक्रवारी परत जाऊन वाचायचंय.