खंडेनवमीचा हार

विद्यापीठात नवं संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा मंगळवार पेठेतल्या तानाबाई तिथं कंत्राटी शिपाई म्हणून लागल्या. काचेची दारं, परदेशी यंत्रं, सगळं आलं होतं. तपासायला रक्त तेवढं नव्हतं.

गोळ्या खाऊनही बायकांच्या अंगात रक्त का भरत नाही, हे दीक्षा नावाची संशोधक मुलगी शोधत होती. गारगोटीकडच्या वाड्यांवर ती एकटी गेली तर बायकांनी दारं लावून घेतली. मग तानाबाई तिच्याबरोबर जाऊ लागल्या. चुलीपुढं बसायच्या, भाकरी थापू लागायच्या आणि हळूच विषय काढायच्या.

"रगत न्हिऊन इकत असतील गं ही," पहिल्याच वाडीतली धोंडुबाई म्हणाली होती.

"इकायला तुझ्या अंगात हाय कुठं? जोतिबाची आण घेते, एक थेंब वाया जाऊ देणार न्हाय," तानाबाई म्हणाल्या.

त्या शब्दावर धोंडुबाईनं हात पुढं केला. मग चारशे बायकांनी केला. तीन वर्षांत रक्ताच्या नळ्यांनी मोठा डीप फ्रीझर भरला.

खंडेनवमी आली. विभागप्रमुख सरांच्या घरची लोखंड ओतायची फौंड्री. त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही, लेथ फिरवायचं नाही, यंत्रांना हार घालायचा, हा त्यांच्या घरचा नेम. तोच त्यांनी केंद्रात लावला.

"सर, त्यो फ्रीझर तेवढा बंद करायचा न्हाय. दीक्षा बजावून गेलीया," तानाबाई म्हणाल्या. दीक्षा घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती.

"वर्षभर राबतोय बिचारा. दोन दिवस विसावा नको? तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या, आणि तुम्हीच आडव्या येताय? दार उघडू नका, गारवा राहतोय की!"

कंत्राट दिवाळीला संपत होतं. तानाबाईंनी बटण बंद केलं. फ्रीझर पिपाणीसारखा कोकलायला लागला, तर सरांनी त्याचा भोंगाही बंद केला. तानाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, हात जोडले. फोटो निघाला. देवीनं विसावा मागितला नव्हता, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दीक्षा आली. फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं होतं.

"लाईट गेलती म्हणून सांगा," सर कानाशी पुटपुटले.

"मावशी, कुणी बंद केलं?" दीक्षानं विचारलं.

"मी. सरांनी सांगितलं, मी केलं."

अहवालात पहिला शब्द तेवढा राहिला. शिपायाचा निष्काळजीपणा, असं लिहून आलं. तानाबाईंचं कंत्राट संपलं. दीक्षाच्या संशोधनाची मुदतही संपली, ती एका शाळेत विज्ञान शिकवायला गेली. केंद्राचं औपचारिक उद्घाटन तेवढं राहिलं होतं, ते ठरल्या दिवशी झालं, फ्रीझर पुसून पाहुण्यांना दाखवला.

तानाबाई जोतिबाला गेल्या नाहीत. कुठल्या तोंडानं जायचं? एस.टी. धरून त्या आधी धोंडुबाईकडं गेल्या आणि सगळं सांगितलं.

धोंडुबाई चूल फुंकत राहिली. तोंड आणखी पांढरं पडलं होतं तिचं, उठताना तिनं भिंत धरली.

"म्हंजी माझं रगत नासलं."

"व्हय."

"मग घे की परत." तिनं पदर मागं टाकला आणि हात पुढं केला.

तानाबाईंनी तो हात नुसता धरून ठेवला. आता घेणारं कुणी नव्हतं.