आरसेभाऊ आणि पिक्चरचा दुसरा भाग

पडद्यावर मारामारी सुरू झाली की थेटरातले सगळे खुर्चीत पुढे सरकायचे आणि आमचे आरसेभाऊ डोळे मिटून घ्यायचे. घाबरून नव्हे. हाताची घडी घालून, काम उरकलेला माणूस बांधावर टेकतो तसे निवांत बसायचे. मारामारी संपली की डोळे उघडायचे. सुरुवातीला मला वाटलं, डुलकी लागत असेल. कुरवंड्याच्या वरच्या वाडीतून लोणावळ्यापर्यंत चालत यायचं म्हणजे माणूस दमणारच. एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्तर, मारामारी कुनालाबी कळती. तिच्या आदी डायरेक्टरनं काय केलं त्ये बघायचं आसतं. त्ये बघून झालं की माजं काम झालं."

मी तेव्हा लोणावळ्यात शाळामास्तर होतो. साठ सालानंतरची ती वर्षं. पिक्चर हीरोच्या नावावर चालायचा. डायरेक्टरचं नाव पडद्यावर यायचं तेव्हा लोक अजून अंधारात आपली खुर्ची चाचपत असायचे. अशा वेळी डोंगरातला एक मजूर माणूस, ज्याला स्वतःची सही यायची नाही, तो डायरेक्टरबद्दल बोलायचा, याचंच आम्हाला नवल वाटे.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी नागफणीच्या कड्यावर एका पिक्चरचं शूटिंग झालं होतं. दुसऱ्या ग्रहावरची लोखंडी माणसं रॉकेटातून उतरतात आणि हीरो त्यांच्याशी लढतो, अशी गोष्ट. पेट्या वाहायला गावातली माणसं घेतली, त्यात भाऊ होते. तिथं त्यांच्या हातात एक मोठा फळा आला. त्याला चांदीचा कागद लावलेला. त्यावर ऊन घ्यायचं आणि नटाच्या तोंडावर पाडायचं. आठ-दहा दिवस त्यांनी तो धरला आणि तेव्हापासून वाडीत, गावात, बाजारात त्यांचं नाव आरसेभाऊ पडलं. "डायरेक्टरसायेब मला म्हनले, तू हाललास तर सूर्य हालंल," हे वाक्य ते सांगायचे तेव्हा आवाज खाली यायचा. लोखंडी माणसांचे कपडे पत्र्याचे होते आणि उन्हात तापून त्यातला एक जण बेशुद्ध पडला, हेही सांगायचे, पण ते हसत.

तो रॉकेटचा पिक्चर भाऊंनी किती वेळा पाहिला याला गणती नाही. मी त्यांच्या शेजारी बसून दोनदा पाहिला आणि साहेबांची पद्धत शिकलो. भाऊ कोपराने ढोसायचे. "बगा, आता समदे गप हुतील. हीरो चपलेचा आंगठा बगंल, तुटलाय का त्ये. वारा आयकू यील. मंग हानामारी." तसंच व्हायचं. आणि उजेड नेहमी एकाच बाजूने. अर्धं तोंड दिसायचं, अर्धं नाही. शेवटी हीरो लोखंडी माणसांच्या सरदाराला मिठी मारून दरीत उडी घेतो, तिथे सगळं थेटर हळहळायचं.

पुढे त्याचा दुसरा भाग आला. पिक्चरला दुसरा भाग असू शकतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. पोस्टरवर साहेबांचं नाव होतं, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. रविवारच्या तीनच्या खेळाला मी, माझा मित्र वसंता आणि भाऊ असे तिघे गेलो. वसंता रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता आणि सिनेमाची इंग्रजी मासिकं वाचायचा.

काय पाहिलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दरीत पडलेला हीरो जिवंत होता, पण कसा वाचला ते कोणी सांगितलं नाही. पहिल्या भागात हिंदी बोलणारी लोखंडी माणसं आता नुसत्या शिट्ट्या मारत होती. पिक्चरमधला शास्त्रज्ञ एकच होता की ते दोन जुळे भाऊ होते, यावर मध्यंतरात मागच्या रांगेत वाद झाला. मारामाऱ्या मात्र एकामागून एक, श्वास घ्यायला सवड नाही. रॉकेट उडालं आणि पिक्चर संपला. बाहेर पडताना अनोळखी माणसं एकमेकांना विचारत होती, "ते परत आलं का हो?" भाऊंनी त्या दिवशी एकदाही डोळे मिटले नाहीत. मिटायचे कधी हेच त्यांना कळलं नसावं.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा आला आणि वसंता सुरू झाला. "ही त्याची नवी स्टाइल आहे. आता तो प्रेक्षकाला घास भरवत नाही. आपण कमी पडतोय."

"ह्ये सायबाचं काम न्हाई," भाऊ म्हणाले.

"पोस्टरवर नाव आहे."

"नाव आसंल. काम न्हाई."

मी दोघांच्या मध्ये. वसंताचं ऐकलं की वाटे, बरोबर आहे, आपल्याला अक्कल नाही. भाऊंचं ऐकलं की तेही पटे. पुढचे तीन रविवार हाच वाद. भाऊंनी पिक्चर पुन्हा दोनदा पाहिला आणि दर वेळी जास्तच गोंधळून बाहेर आले, पण मुद्दा सोडला नाही. उजेड दोन्हीकडून आहे, गप्प उभं राहणं कुठेच नाही, आणि माणूस मरतो तेव्हा कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. "सायेब आसं करनार न्हाईत."

शेवटी वसंता चिडला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही फळा धरला होता. पिक्चर नव्हता काढला."

भाऊंनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच होता. "व्हय, त्ये खरं हाय," असं म्हणून ते उठले आणि पुढे काही आठवडे आलेच नाहीत.

मग एका सकाळी ते शाळेच्या फाटकाशी उभे. धुतलेला सदरा घातलेला. म्हणाले, साहेब आजारी आहेत, हवा बदलायला वलवणला एका बंगल्यात येऊन राहिलेत, सरपण टाकायला गेलेल्या माणसाने सांगितलं. "मास्तर, तुमी संगं चला. मला त्यांच्याशी नीट बोलाया यायचं न्हाई."

आम्ही गेलो. व्हरांड्यात शाल पांघरून एक वाळलेला माणूस बसला होता. भाऊंना त्यांनी ओळखलं नाही. मी नागफणीची, फळ्याची आठवण दिली तेव्हा साहेब त्यांना न्याहाळून हिंदीत म्हणाले, "हां, तो न हलणारा." भाऊंचे डोळे भरून आले. पण जे विचारायला आले होते ते त्यांनी विचारलंच, मोडक्यातोडक्या हिंदीत, माझी वाट न बघता. "सायेब, दुसरा भाग आपने बनाया?"

"नाव माझं आहे ना?"

"मंग उजेड दोन्हीकडनं का?"

हे मराठीत होतं, पण त्यांना कळलं. ते हसले, हसता हसता खोकले, आणि मग हळूहळू सांगितलं. शूटिंगच्या दुसऱ्या आठवड्यातच अंथरूण धरलं. बाकीचं सगळं त्यांच्या हाताखालच्या पोराने केलं. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, रात्रंदिवस राबला. त्याच्या नावावर कुठल्या थेटरवाल्याने पिक्चर घेतला नसता, म्हणून नाव साहेबांचं. "मी पाहिला," ते म्हणाले. "मलाही समजला नाही. पण बाहेर बोलू नका. लोक त्या पोराला पुन्हा उभं करणार नाहीत. पुढचा तो चांगला करील."

भाऊंनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर वलवणच्या धरणाच्या कडेने आम्ही चाललो. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मी त्यांच्या तोंडावर शोधत होतो. तो नव्हता. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं.

त्या रविवारी भाऊ हॉटेलात आले. वसंताने अवघडून खुर्ची सरकवली. तो माफी मागणार हे दिसत होतं. त्याच्या आत भाऊच बोलले. "वसंतराव, तुमचं बराबर व्हतं. सायबाचंच काम हाय त्ये. मला कळलं न्हाई."

हॉटेलातले दोघे-तिघे हसले. वसंता हसला नाही, पण खूश झाला. खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. एका न पाहिलेल्या पोरासाठी हा माणूस चारचौघांत अडाणी ठरला, आणि मी नुसता साक्षीला बसलो. मी बोललो नाही ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर वसंता नव्या लोकांना दुसरा भाग समजावून सांगायचा तेव्हा भाऊ शेजारी बसून लक्षपूर्वक ऐकायचे. कधी कधी खरोखर शिकायला बसल्यासारखे.

माझी बदली जुन्नरकडे झाली. एसटी स्टँडवर भाऊ करवंदांची पाटी घेऊन आले होते. गाडी सुटायच्या आधी मी विचारलं, "भाऊ, वसंतासमोर हार मानणं जड गेलं नाही का?"

"कशाचं जड?" ते म्हणाले. मग पाटी माझ्या हाती देत, "मला आजून त्यो पिक्चर कळला न्हाई, मास्तर. पर सायबालाबी कळला न्हाई म्हंजी मी येकटा न्हाई."

तेच शेवटचं भेटणं. चारेक वर्षांनी वसंताचं पोस्टकार्ड आलं. भाऊ गेले, तापाचं निमित्त झालं. वसंता शेवटच्या आठवड्यात वाडीवर जाऊन भेटून आला होता. पुढे त्याने लिहिलं होतं: "गंमत म्हणून विचारलं, भाऊ, सगळ्यांत कोणता पिक्चर आवडला? म्हणाले, दुसरा भाग. मला उगीच बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, काही समजलं नाही. तुला काही समजतं का?"

मी दोन कार्डं लिहून फाडली. तिसऱ्यावर भाऊंच्या घरच्यांची चौकशी केली आणि खाली लिहिलं, "नाही."